चुकीचं दप्तर

शाळेच्या फाटकासमोर, औषधांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये, एक बोळ होता. कुणीतरी कधीतरी त्याला पुढून शटर लावलं आणि बोळाचं दुकान झालं. आत एक माणूस, एक शिलाई मशीन आणि वरून लोंबणारा दिवा एवढंच मावायचं. इथे दप्तरं, सुटकेसी, बायकांच्या पर्स, प्रवासाच्या बॅगा दुरुस्त होत. सगळ्यात जास्त बिघडतात त्या चेनी, म्हणून आत बसणाऱ्या माणसाचं नाव चेनकाका पडलं. खरं नाव कुणी उच्चारत नसे. घरी बायको ‘अहो’ म्हणे, बाहेर जग चेनकाका म्हणे, आणि या दोन हाकांत त्यांचं भागत असे.

चेनकाकांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हा आजार नव्हता, सवय होती. तरुणपणी ते सुटकेसींच्या कारखान्यात होते. माल पट्ट्यावरून सरकत यायचा, हात चालायचे, मान खाली. मान वर केली की सुपरवायझर विचारायचा, “काय रे, आकाशात टाके घालायचेत का?” पुढे कारखाना बंद पडला. मान तशीच राहिली. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की त्यांना आधी बॅग दिसे, मग बॅग धरलेला हात दिसे, आणि तिथून वर जायच्या आत बोलणं संपलेलं असे. रस्त्यात एखाद्या बाईनं ओळख दाखवली तर ते गोंधळून जात आणि मग तिच्या खांद्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळे. “हां हां! आतून अस्तर फाटलेली!” बाई पुन्हा ओळख दाखवत नसे.

“उद्या मी हरवले तर पोलिसांना काय सांगाल?” बायको म्हणे. “मध्यम आकाराची, एका बाजूचा बंद सैल, बाकी चालू स्थितीत?”

शाळेतल्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं ते याच गुणासाठी.

झालं होतं असं, की शाळेत काही मुलं उपाशी येत होती. किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ती मुलं फळ्याकडे न बघता घड्याळाकडे बघत. मधल्या सुट्टीत ती नळावर जात आणि बराच वेळ तिथेच असत. मोठ्या बाईंनी आधी सरळ उपाय करून पाहिला. वऱ्हांड्यात टेबल मांडलं, गरम जेवण ठेवलं, ज्याला हवं त्यानं यावं असं जाहीर केलं. सगळी मुलं आली, फक्त उपाशी मुलं आली नाहीत. घरून भरलेला डबा आणणारी पोरं गंमत म्हणून रांगेत उभी राहिली, ढकलाढकली करून जेवली, आणि ज्यांच्यासाठी टेबल होतं ती लांब भिंतीला टेकून, आमचं पोट भरलंय असा चेहरा करून उभी.

मग वस्तीतली मंडळी बसली. किराणावाला, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, वाचनालयात पेपर वाचायला येणारे दोन-चार निवृत्त लोक. ठरलं असं, की आठवड्याच्या शेवटच्या दिवशी चित्रकलेच्या खोलीत बसून पाकिटं करायची. तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, बिस्किटं. मुलं मैदानावर कवायतीला गेली की ती पाकिटं गुपचूप दप्तरात ठेवायची. नाव कुठे लिहायचं नाही. नाव उच्चारायचंही नाही. वर्गबाईंनी एकदाच वर्गात दप्तरांच्या खुंट्यांपुढून चालत जायचं आणि ज्या दप्तरावर हात ठेवायचा ते दप्तर, एवढीच खूण. मुलाकडे नंतरही कुणी बघायचं नाही, चौकशी करायची नाही.

पाकीट ठेवणार कोण? चेनकाका. दप्तर उघडून आत हात घातलेला चेनकाका कुणी पाहिला तरी कुणाला काही वाटणार नव्हतं. शिवाय त्यांना दप्तरं ओळखता येत होती, आणि हे सोपं नव्हतं. व्यापाऱ्यांच्या मंडळानं सगळ्या शाळेला एकाच राखाडी रंगाची, एकाच मापाची दप्तरं वाटली होती. आयांनासुद्धा आपल्या मुलाचं दप्तर उघडून वही बघावी लागे. त्या राखाडी ढिगात जो काही फरक होता तो चेनकाकांनीच केलेला होता. कुठे बदललेली चेन, कुठे बंदाला घातलेला दुहेरी टाका, कुठे ठिगळ. आपला टाका ते झोपेतही ओळखतील असं त्यांना वाटे. याचा त्यांना थोडा गर्वही होता. आयुष्यात गर्व करायला दुसरं फारसं काही सापडलं नव्हतं.

चौथीच्या वर्गात बाईंनी ज्या दप्तरांवर हात ठेवला त्यांतल्या एकाच्या तळाच्या कोपऱ्यावर निळं ठिगळ होतं. जुन्या रेनकोटाचा तुकडा होता तो. चेनकाकांनी मनात नोंद केली: निळं ठिगळ. मग दर आठवड्याला त्या दप्तरात, वह्यांच्या खाली, एक पाकीट जाऊ लागलं. उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली, संपली. त्या वर्गबाईंची दुसऱ्या गावी बदली झाली. मुलं पाचवीत गेली, नव्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, “चेनकाका, तुम्हाला दप्तरं पाठ आहेत ना, मग झालं.” पाकिटं सुरू राहिली.

आणि एक दिवस दुपारी इस्त्रीवाली दुकानासमोर येऊन उभी राहिली.

चेनकाकांना आधी दिसलं ते दप्तर. राखाडी, निळं ठिगळ. मग एक फुगलेली कापडी पिशवी दिसली. मग हात दिसला, मनगटावर इस्त्रीच्या कडेनं भाजल्याचे जुने डाग असलेला. आणि पिशवी मशीनवर अशी आपटली गेली, की त्यांना मान वर करावीच लागली.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

पिशवीत पाकिटं होती. सगळी. एकही फोडलेलं नव्हतं.

“तुम्हीच टाकता ना हे? शाळेच्या शिपायानं सांगितलं. पोरीच्या पलंगाखाली सापडली. मला वाटलं, पोरगी किराणावाल्याकडून उचलून आणते. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मारायचीच राहिली होती. आणि ही बया तोंड उघडेल तर शपथ!”

तिच्या मागे एक मुलगी उभी होती. आईच्या आडून तिचा अर्धाच भाग दिसत होता.

“माझ्या घरात दोन वेळा चूल पेटते, काका. नवरा गाडी घेऊन लांब जातो, महिना-महिना येत नाही, हे खरं. पण मी सकाळपासून उभी राहून इस्त्री करते ती कुणासाठी? माझी मुलगी उपाशी आहे, असं कुणी ठरवलं? कोण बसलं होतं ठरवायला?”

“नाही, तसं नाही...” चेनकाका म्हणाले.

“आधी न विचारता दप्तराला ठिगळ लावलंत. ही म्हणाली, समोरच्या काकांनी फुकट लावून दिलं. मी म्हटलं, ठीक आहे, म्हातारा माणूस आहे, हौस असेल. आता हे!”

चेनकाकांनी ठिगळाकडे पाहिलं. टाका त्यांचाच होता, शंका नव्हती. पण या मुलीचं दप्तर त्यांनी कधी शिवलं नव्हतं, याबद्दलही शंका नव्हती. ठिगळ लावून न्यायला जो हात आला होता तो पुरुषाचा होता, नखांत ग्रीस असलेला. एवढंच आठवत होतं. त्यांनी आईच्या आडून दिसणाऱ्या अर्ध्या मुलीकडे पाहिलं. एक डोळा होता. तो डोळा त्यांना काहीतरी सांगत होता आणि ते काय, हे न कळण्याइतके ते अजून म्हातारे झाले नव्हते.

“हो,” ते म्हणाले. “ठिगळ मीच लावलं. सहज.”

डोळ्यानं पापणी मिटली.

“आणि पाकिटं?”

“त्याची चौकशी करतो. काहीतरी घोटाळा झालाय.”

“कराच,” इस्त्रीवाली म्हणाली. “आणि येऊन मला सांगा, माझ्या घराचं नाव कुणाच्या तोंडी आहे ते. ही पिशवी मी घरी नेत नाही.” मग थोडं थांबून तिनं पिशवी उचलली. “नाही, नेते. तुम्ही उत्तर घेऊन या, मग तुमच्या हातात देईन. नाहीतर इथून परत जाल माझ्याच पोरीच्या दप्तरात टाकायला.”

ती गेली. चेनकाकांनी एक चेन उसवायला घेतली आणि भलतीच बाजू उसवली.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येत-जात होती. दप्तर बदललं होतं. ठिगळ या मुलीकडे आलं होतं आणि पाकिटं ठिगळामागे आली होती. मग ज्या मुलाच्या दप्तरावर वर्गबाईंनी हात ठेवला होता, ते मूल एवढे आठवडे काय खात होतं? ते मूल म्हणजे कोण? मुलगा की मुलगी? काळं की गोरं? त्यांनी डोकं खाजवून पाहिलं. ठिगळाखेरीज काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुलगी एकटी आली. दप्तर मशीनवर ठेवून ती म्हणाली, “चेन अडकते.” चेन अडकत नव्हती.

“बोल,” चेनकाका म्हणाले.

“तुम्ही आईला सांगितलं नाही म्हणून आले. आम्ही दप्तरं बदलली.”

“कुणी आम्ही?”

“मी आणि एक मुलगी. तिचं नाव सांगायचं नाही. शपथ आहे.”

“बरं. का बदललीत?”

“तिला पाकिटं नको होती.”

चेनकाकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “नको होती?”

“तिच्या घरी शिजवायला कुणी नसतं. बाबा गॅरेजमध्ये असतात, कधी येतात, कधी तिथेच झोपतात. सिलिंडर संपलाय. आधी ती बिस्किटं खायची आणि तांदूळ शेजारच्यांना द्यायची, मग शेजारचे विचारायला लागले, कुठून आणतेस. मग ती म्हणाली, माझ्या दप्तरात दर आठवड्याला खाऊ येतो. तू माझं दप्तर घे, तुझं मला दे. आणि मला रोज अर्धा डबा दे.”

“आणि तू दिलंस?”

“हो. डबा गरम असतो ना. तिला गरम आवडतं.” मुलीनं चेन वर-खाली केली. “मला वाटलं, आईला तांदूळ आवडतील. मग वाटलं, विचारेल कुठून आणले. म्हणून पलंगाखाली ठेवले. साठवून एकदम देणार होते.”

“एकदम दिल्यावर विचारलं नसतं?”

मुलीनं यावर विचार केला. “तेवढं डोक्यात नाही आलं,” ती म्हणाली.

“अर्ध्या डब्यात तुझं पोट भरतं?”

“नाही.”

“मग भूक लागत नाही?”

“लागते की. पण ती सगळ्यांनाच लागते.” तिनं दप्तर पाठीवर घेतलं. “आईला सांगू नका. डबा बंद होईल. माझा नाही, तिचा.”

त्या संध्याकाळी चेनकाका जेवताना थांबले, पुन्हा जेवू लागले, पुन्हा थांबले.

“मीठ जास्त झालंय का?” बायकोनं विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे दोन पोरींनी मिळून तुमच्या सगळ्या मंडळींच्या नाकावर टिच्चून सोय लावली. मग अडलं कुठे?”

“अडलं कुठे काय? इस्त्रीवालीला काय सांगू? खरं सांगितलं तर डबा बंद. नाही सांगितलं तर तिची मुलगी रोज अर्धपोटी. आणि ज्या मुलीसाठी सगळं चाललंय ती कोण, तेच मला ठाऊक नाही!”

“बघा की जाऊन.”

“बघायचं नाही असं ठरलंय.”

“कुणी ठरवलं? पोटभर जेवलेल्यांनी?” बायको म्हणाली आणि मग तिलाच ते फार झालं असं वाटून तिनं त्यांच्या ताटात आणखी वाढलं. “तुम्ही लहानपणी उपाशी राहिलाय ना? तुम्हाला नाही ओळखू येणार तर कुणाला?”

हेच तर चेनकाकांना कळत नव्हतं. लहानपणची भूक त्यांना आठवत नव्हती. आठवत होतं ते तिच्याविषयीचं खोटं. दुसऱ्याच्या घरी ‘मी आत्ताच जेवून आलो’ म्हणताना आवाज कसा ठेवायचा, नजर कुठे ठेवायची, हे अजून पाठ होतं. भूक स्वतः मात्र कुठेतरी निघून गेली होती, जागा रिकामी करून, मागे खूण न ठेवता.

सकाळी ते मोठ्या बाईंकडे गेले. इस्त्रीवाली आणि तिची मुलगी यांची नावं न घेता, दप्तर बदललंय एवढंच सांगितलं. मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या.

“आता? कुणाला विचारणार? आपण तर विचारायचं नाही असं ठरवून बसलोय.” मग त्यांना सुचलं. त्यांनी बदली झालेल्या वर्गबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे चेनकाकांनाही ऐकू येईल.

“निळं ठिगळ?” फोनमधून वर्गबाई म्हणाल्या. “मी हात ठेवला होता? खुणेची दोनच दप्तरं होती ना माझ्या वर्गात? एक दारापाशी, एक खिडकीखाली.”

“खिडकीखालचं कुणाचं?”

“खिडकीखाली म्हणजे तो... नाही, तो दारापाशी. थांबा हं. ठिगळवालं मधे होतं का? मधे मी कुठे... अहो, त्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता. मी चालताना कशाचा तरी आधार घेत होते. मधे कुठे टेकले असेन.”

 मग मोठ्या बाईंनी आभार मानले आणि फोन ठेवला.

“म्हणजे,” चेनकाका म्हणाले, “तो हात खुणेचा नव्हताच?”

“तसं म्हणता येणार नाही.”

“मग कसं म्हणता येईल?”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एखाद्या थकलेल्या विद्यार्थिनीसारखा दिसत होता. “चेनकाका, मला आता काहीच म्हणता येत नाही,” त्या म्हणाल्या.

ते जिना उतरले. म्हणजे एका बाईचा पाय मुरगळला, ती एका दप्तराला टेकली, आणि ते दप्तर उपाशी मुलीचंच निघालं. की कुठल्याही दप्तराला टेकली असती तरी तसंच निघालं असतं? या विचाराशी ते पायरीवरच थांबले. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलांचा लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागला, आणि चेनकाकांनी आयुष्यात प्रथमच ठरवून मान वर केली.

मैदानाच्या कडेला पायऱ्या होत्या. तिथे दोघी बसल्या होत्या, मध्ये डबा. जवळ दोन राखाडी दप्तरं पडली होती, त्यातल्या एकावर निळं ठिगळ. चेनकाका खांबाआड उभे राहिले. एक मुलगी भराभरा खात होती, बोटं चाटत होती, झाकणाला लागलेलंही पुसून घेत होती. दुसरी सावकाश, बोलत-बोलत, एक घास हातात धरून मैदानावरचा खेळ बघत खात होती. हीच ती, असं त्यांनी भराभरा खाणाऱ्या मुलीबद्दल मनात म्हटलं. तेवढ्यात तिनं मान वळवली. ती इस्त्रीवालीची मुलगी होती.

दुसरीचा चेहरा त्यांना पाठमोऱ्या केसांपलीकडे दिसला नाही. त्यांना पुढे जाता आलं असतं. ते गेले नाहीत.

इस्त्रीवालीचं दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली होती. टेबलावर जाड घोंगडी, तिच्यावर जळकट डागांची चादर, एका बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग. ती शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होती. पाकिटांची पिशवी दाराशीच ठेवली होती, परत देण्यासाठी.

“सापडलं उत्तर?”

“चूक माझी,” चेनकाका म्हणाले. वाटेत त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एवढंच उरलं. “तुमच्या घराचं नाव कुणी घेतलं नाही. नावं घेतच नाहीत. मी ठिगळ बघून पाकीट टाकतो. ठिगळ दुसऱ्याचं होतं.”

“दुसऱ्याचं ठिगळ माझ्या पोरीच्या दप्तरावर कसं?”

चेनकाका दाराशी ठेवलेली पिशवी सरळ करू लागले.

“तुम्ही तर म्हणालात, मीच लावलं, सहज.”

“लावलं मीच.”

इस्त्रीवालीनं कॉलर दाबली. वाफ उठली. “म्हणजे दप्तरच दुसऱ्या कुणाचं आहे,” ती स्वतःशी बोलल्यासारखं बोलली. “आणि पाकीट त्या दुसऱ्या कुणासाठी होतं. ते इकडे आलं. मग ती दुसरी पोर काय खातेय?”

चेनकाकांनी इस्त्रीच्या वायरीकडे पाहिलं. वायर एका जागी सोलली होती आणि तिथे चिकटपट्टी होती.

“माझी पोरगी,” इस्त्रीवाली म्हणाली, “घरी येते आणि दप्तर न उतरवता भांड्यात हात घालते. मी म्हणते, वाढीचं वय आहे. डबा तर मी असा भरते की झाकण दाबून बसवावं लागतं. डबा घासून पुसून परत येतो. मी खूश, पोरगी अन्न टाकत नाही म्हणून.” ती थांबली. “चेनकाका, मी तुम्हाला विचारत नाहीये. मी नुसती बोलतेय.”

“हो.”

“तुम्ही मान हलवू नका. हो म्हणू नका.”

“नाही.”

“नाहीपण म्हणू नका!”

इस्त्री एकाच जागी थांबली होती. चेनकाकांनी बोट दाखवलं. तिनं दचकून ती उचलली. कापडावर पिवळसर छटा आली होती, डाग नव्हता. तिनं त्यावर ओला फडका ठेवून दाबला.

“मला विचारायचं,” ती म्हणाली. आता आवाजात राग होता, पण तो कुणावर हे तिलाही सापडत नसावं. “आईला विचारता येत नाही? मी काय तिला खाऊन टाकलं असतं?”

“विचारलं असतं तर दिला असतात डबा?”

“आज म्हणेन, हो. तेव्हा काय म्हटलं असतं...” तिनं फडका उचलला. “तेव्हा मी जी बाई होते, तिची खात्री आज कशाला देऊ? म्हटलं असतं, आपलंच धड होत नाही, गावच्या पोरांना कुठे जेवू घालतेस. असंच म्हटलं असतं बहुतेक.”

चेनकाकांनी पिशवी उचलली. ती चांगलीच जड होती. “ही नेतो परत. आणि ठिगळ उसवून टाकतो. पुन्हा चूक नको.”

“ठेवा ती खाली.”

“अं?”

“ठेवा म्हटलं ना.” इस्त्रीवालीनं पाठ फिरवून दुसरा शर्ट घेतला. “मला कुणी दिलेलं नको. कुणी माझी कीव करून माझ्या दारात तांदूळ ठेवले, तर ते मला गिळायचे नाहीत. पण हे मला कुणी दिलेलं नाही. चुकून आलंय. चुकून आलेलं आहे आणि दुसऱ्या पोरीचं आहे. तिच्या घरी शिजत नसणार, नाहीतर डबा कशाला लागला असता; माझ्या घरी शिजतं. मग तिचं माझ्याकडे शिजेल. डबा मोठा घेते. सुट्टीच्या दिवशीही पोरीला म्हणेन, मैत्रिणीला खेळायला आण. कुठली मैत्रीण, मी नाही विचारणार. जिला आणेल तिला आणेल.”

चेनकाकांना हे सगळं एकदम डोक्यात बसवता येईना. “मग पाकीट यापुढे कुठे टाकू?”

“कुठे म्हणजे? टाकता तिथेच टाका. चूक तशीच चालू ठेवा.”

“पण आता ती चूक राहिली कुठे? आता मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला काय ठाऊक आहे? नाव ठाऊक आहे? तोंड ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग?” ती म्हणाली. “जा आता. माझे गणवेश राहिलेत.”

परत येताना चेनकाका भलत्याच गल्लीत वळले आणि पुन्हा मागे आले. पाकीट उपाशी मुलीसाठी होतं. ते जाणार होतं न मागणाऱ्या बाईकडे. ती बाई ते शिजवून दोघींना घालणार होती. म्हणजे तिच्या मुलीच्याही पोटात त्यातलं जाणार होतं. ती मुलगी उपाशी नव्हती. पण गेले कित्येक आठवडे ती अर्धपोटीच होती, आणि ते पाकिटामुळेच. तर मग मोठ्या बाईंना काय सांगायचं? चूक सुधारली, असं? की चूक नीट बसवून दिली, असं? त्यांनी काहीच सांगितलं नाही. मोठ्या बाईंनीही विचारलं नाही. फक्त जिन्यात भेटल्या तेव्हा भुवया उंचावल्या, आणि चेनकाकांनी जी मान हलवली तिचा अर्थ त्यांना स्वतःलाही सांगता आला नसता.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मुलं कवायतीला गेली. रिकाम्या वर्गात खडूचा वास होता. चेनकाकांनी निळ्या ठिगळाचं दप्तर खुंटीवरून काढलं, वह्या बाजूला केल्या, पाकीट तळाशी ठेवलं, वह्या वर रचल्या. काम झालं होतं. ते निघाले नाहीत.

भिंतीवर बाकीची दप्तरं ओळीनं लटकत होती. त्यातली काही त्यांच्या हातून गेलेली, टाक्यानिशी ओळखीची. पण बरीचशी अशी होती, की ज्यांना त्यांचा एकही टाका नव्हता. ही चांगल्या घरची, असं त्यांनी आजवर न विचार करता धरलं होतं. जे फाटत नाही ते सुखात आहे. आता त्यातलंच एक दप्तर त्या दुसऱ्या मुलीचं होतं, एकदम धडधाकट, आणि कुठलं ते कळायला काही मार्ग नव्हता. शिवाय तिच्यासारखी आणखी कुणी असलीच, तर तीही याच ओळीत, अशीच लटकलेली. त्यांनी एकाला हात लावला, मग दुसऱ्याला. सगळी सारखीच जड होती. वह्या सगळ्यांना सारख्याच असतात.

शिट्टी वाजली. एरवी ते मुलं यायच्या आधी निघून जात. आज पाय निघेनात, आणि वर्ग भरून गेला. घामेजलेली, हसणारी, एकमेकांना ढकलणारी मुलं. चेनकाका मान वर करून बघत राहिले. चेहरे होते, खूपच होते. त्यांच्यावर शिवण कुठेच दिसत नव्हती. इस्त्रीवालीच्या मुलीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंना मुली होत्या, मागे मुली होत्या.

“काका, माझी चेन बघता?”

एक मुलगी दप्तर घेऊन समोर उभी होती. राखाडी, कुठेही टाका नसलेलं. चेनकाकांनी चेन ओढली. ती वर गेली. खाली ओढली, खाली आली. कुठे अडकत नव्हती, एक दातही हललेला नव्हता.

“चांगली आहे की,” ते म्हणाले.

“हो,” मुलगी म्हणाली. ती तिथेच उभी राहिली. “तरी बघा ना.”

चेनकाकांनी पुन्हा चेनीकडे मान खाली घालता घालता थांबवली आणि तिच्याकडे बघितलं.